सहा दहाची जळगाव

एसटीची गाडी हलवायला आधी काय लागतं, सांगा बरं. चावी म्हणाल, डिझेल म्हणाल, फार तर रस्ता म्हणाल. धुळ्याच्या देवपुरातल्या प्रेमराज आबांना विचारलंत तर ते कीव आल्यासारखं तुमच्याकडे बघतील आणि सांगतील, डबल लागते. कंडक्टरने मागून दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग झालं, की गाडी निघते. एकदाच टिंग झालं की थांबते. एकोणतीस वर्षं आबांनी हा कायदा पाळला. रस्ता मोकळा असो, मागे साहेब बोंबलत असो, डबल मिळाल्याशिवाय त्यांनी क्लच सोडला नाही.

आणि म्हणूनच त्या गेमने त्यांची पंचाईत केली. टॅबलेटवरच्या त्या बसला सगळं होतं. हॉर्न होता, वायपर होता, थांब्यावर प्रवासी चढत-उतरत होते. फक्त कंडक्टर नव्हता.

तो गेम रविवारी दुपारी बारा वाजता कायमचा बंद होणार होता. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आबांची लेक मोहिनी शाळा सुटल्या सुटल्या जळगावच्या स्टॅण्डवर गेली आणि अर्धं तिकीट काढून धुळ्याच्या गाडीत बसली. मोहिनी मेहरूणला राहते आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. निघताना नवरा, स्वप्नील, हसला होता. मोबाइलचा खेळ बंद होतो म्हणून कोणी नव्वद किलोमीटर जातं का, असं त्याचं म्हणणं. मोहिनी त्याला म्हणाली, तुला नाही कळायचं. आणि खरंच त्याला नसतं कळलं, कारण तो बिचारा दोन हजार वीसच्या मार्चमध्ये त्या घरात नव्हता.

मोहिनी होती. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. जळगावच्या खोलीला कुलूप लावून ती आठवडाभरासाठी धुळ्याला आली होती, ती एकाच कामासाठी. एकतीस मार्चला आबा रिटायर होणार होते. सकाळी सहा दहाची धुळे-जळगाव, ही त्यांची शेवटची फेरी. चौदा वर्षं त्यांनी तीच गाडी नेली होती. मोहिनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर जळगावपर्यंत जाणार होती. लहानपणी ती शाळेच्या सुटीत इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसायची, बूड चांगलं शेकून निघायचं. त्या बसण्याची आठवण म्हणून हे. आईने, कुंदाबाईने, स्टेअरिंगला घालायला झेंडूची माळ सांगून ठेवली होती. आबांनी खाकी शर्ट दोनदा इस्त्री केला होता.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. देश बंद झाला, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. एकतीस मार्च उजाडला, मावळला. आबा सकाळी पाच वाजता उठून अंघोळ करून ओट्यावर बसले होते आणि सहा दहाला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, एवढंच. माळ काही आलीच नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मोहिनीला अजून आठवतात. आबा बोलायचे बंद झाले. जेवताना डावा पाय आपोआप क्लच दाबायचा. शेवटी तिनेच एक दिवस आपल्या जुन्या टॅबलेटवर ‘बसवाला’ नावाचा गेम उतरवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. पहिल्या दिवशी आबांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, या गाडीचं स्टेअरिंग जरा उजवीकडे ओढतं. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईला जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

पण गाडी काही निघेना. आबा सीटबेल्ट लावत, इंजिन चालू करत, आणि थांबत. मोहिनीला कळेना, टॅबलेट अडकला की काय. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मागून तोंडानेच म्हटलं, टिंग टिंग. आबांनी मान न वळवता पहिला गिअर टाकला. मोहिनी हसली, कुंदाबाई हसली, आणि त्या घरात पंधरा दिवसांनी कोणीतरी हसलं.

गेममध्ये कोड मिळायचे. सहा-आठ इंग्रजी अक्षरं आणि आकडे. ते एका चौकटीत टाकून ‘रिडीम’ दाबलं की काहीतरी फुकट पदरात पडे, कधी दोनशे लिटर डिझेल, कधी तीन सुरांचा हॉर्न, कधी नवा मार्ग. फुकट म्हटल्यावर आबांचा जीव त्यात रमला. त्यांनी ड्युटीची जुनी डायरी काढली आणि त्यात तारखेनिशी कोड लिहायला लागले. मोहिनीला वाटलं, लिहितात तसे वापरतही असतील. महिन्याने पाहिलं तर डायरीत बावीस कोड, आणि एकही टाकलेला नाही. का, तर टाकीत डिझेल होतं ना अजून. आबांनी आयुष्यभर डिझेल वाचवल्याबद्दल शाबासकी घेतली होती. डेपोत ज्याचं ॲव्हरेज चांगलं त्याचं नाव फळ्यावर लागे आणि आबांचं नाव तिथून कधी पुसलं गेलं नव्हतं. टाकी भरलेली असताना कोणी पंपावर जातं का, असं त्यांनी उलट तिलाच विचारलं. मोहिनीने बावीसच्या बावीस कोड टाकून पाहिले. सगळ्यांची मुदत संपलेली. आबा दोन दिवस हळहळले, आणि मग म्हणाले, काय माणसं आहेत ही, देतात आणि परत नेतात.

तरी एक मार्ग होता जो त्यांना हवा होता. पारोळ्याच्या कुठल्याशा पोराने तो बनवून गेममध्ये टाकला होता, धुळे ते जळगाव. मोहिनीने त्याची चित्रं पाहिली. पारोळ्याचा नाका होता, एरंडोलचं स्टॅण्ड होतं, बांभोरीजवळचा गिरणेचा पूल होता, आणि रस्ता खऱ्याएवढाच लांब. पण त्या मार्गाला कुलूप होतं. सातशे नव्याण्णव रुपये भरले की उघडणार. मोहिनी लगेच भरायला निघाली तर आबांनी तिचा हात धरला.

“विकत घेऊन कोणी ड्युटी करतं का?” ते म्हणाले. “ड्युटी लागावी लागते.”

म्हणजे कोड यावा लागतो. आबांच्या लेखी कोड हा ड्युटीचा कागद होता. वरून आला तर जायचं, नाही तर नाही. तिने पुष्कळ समजावलं, पण सुंभ जळेल, पीळ नाही जाणार.

लॉकडाऊन उठला, मोहिनी जळगावला परतली, लग्न झालं. आणि त्यानंतर कधीतरी दर रविवारी कोड यायला लागले. आबांच्या साध्या बटणांच्या फोनवर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. आबा तिला फोन करून सांगायचे, आज कंपनीने धुळे-नाशिक दिली. आज धुळे-सुरत. आज धुक्याचे दिवे आले. मग ती फोनवरून टिंग टिंग म्हणायची आणि आबा निघायचे. पाच वर्षं हा नेम चालला. मोहिनीलाही मजा वाटे, कारण स्वतः शोधायला गेली तर तिला सगळे कोड शिळे मिळत. गेमवाले आता फक्त रविवारी पहाटे सहाला आपल्या ग्रुपवर कोड टाकत, पहिल्या पाचशे जणांना तो चाले, आणि मोहिनी उठेपर्यंत पाचशे उठून गेलेले असत. आबांना कंपनी घरपोच पाठवते, याचं तिला कौतुक होतं. एवढी चांगली कंपनी, असं ती शाळेतसुद्धा सांगायची.

आता तीच कंपनी दुकान बंद करत होती. धुळे-जळगाव मात्र अजून आलेली नव्हती.

रविवारी पहाटे मोहिनीला जाग आली ती आईच्या बट्ट्यांच्या कणकेच्या थापटण्याने. आबा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, टॅबलेट पाटावर ठेवून बसले होते. अंगात खाकी शर्ट. तो पोटावर जरा ताणला होता, पण इस्त्री कडक होती. फोन शेजारी ठेवला होता. सहा दहा झाले. फोन वाजला नाही.

सव्वासहा, साडेसहा. मोहिनीने आपल्या मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. या वेळी गेमवाल्यांनी निरोपाची भेट काढली होती. ग्रुपमधल्या जुन्या लोकांना गुरुवारी एकेक कोड दिला होता, ज्याचा त्याला, एकदाच चालणारा, त्याने हवा तो मार्ग उघडायचा. आबा कुठल्या ग्रुपमध्ये असायचे! लोकांनी व्हिडिओखाली आपापले कोड टाकले होते. मोहिनी एकेक टाकत गेली. हा कोड आधीच वापरलेला आहे. हाही वापरलेला आहे. सात वाजले, आठ वाजले. तिने पैसे भरून बघायचं ठरवलं, आबांना न सांगता, तर पैसे घेणंही कंपनीने बंद केलेलं. नऊ वाजता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दिसत होतं की गाडी दहापर्यंत निघाली नाही तर बारापर्यंत पोचायची नाही, आणि मग तो मार्ग, तो पूल, ते एरंडोलचं स्टॅण्ड सगळं पुसून जाणार. बापाची शेवटची फेरी दुसऱ्यांदा हुकणार होती, आणि या वेळी ती समोर बसून बघणार होती.

आबा टॅबलेटची काच रुमालाने पुसत होते. आधीच पुसलेली काच.

“द्या तुमचा फोन,” ती म्हणाली. “ज्या नंबरवरून कोड येतात त्याच नंबरवर कंपनीला फोन लावते.”

“नको लावू,” आबा म्हणाले, आणि जरा जोरातच म्हणाले.

तिने तरी फोन उचलला. पाच वर्षांत तिने तो मेसेज कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता, आबा वाचून दाखवायचे तेवढाच. आता पाहिला. रविवारमागून रविवार, सहा दहा, सहा दहा, सहा दहा. नुसते कोड, पुढेमागे एक शब्द नाही. आणि वर नंबर, कोणाही माणसाचा असतो तसा साधा दहा आकडी. कंपन्या असल्या नंबरवरून पाठवत नाहीत, एवढं तिला कळत होतं. तिने आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडे बघायला लागले.

स्वयंपाकघरातून कुंदाबाईचा आवाज आला. “कौतिकभाऊना नंबर शे तो. बठ्ठासले माहीत शे, तुले सोडीसन.”

कौतिक नाना! आणि तिला सोडून सगळ्यांना माहीत! सोनगीरचे कौतिक नाना, चौदा वर्षं सहा दहाच्या गाडीचे कंडक्टर. तिच्या लहानपणी बॅगेतून लिमलेटच्या गोळ्या काढून देणारे, तिला टिंग टिंग करायला दोरीपर्यंत उचलून धरणारे. दोघांची जोडी डेपोत अशी की एक आजारी पडला तर दुसरा रजा टाकायचा. आणि पाच वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं, एवढंच तिला ठाऊक होतं. काय बिनसलं ते या घरात कोणी सांगत नसे.

आता आई चुलीपुढून सांगू लागली आणि आबांनी तिला थांबवलं नाही. लॉकडाऊननंतर ऑगस्टात गाड्या सुरू झाल्या. आबा घरी बसलेले, पण कौतिक नानांची तीन वर्षं बाकी होती. पहिल्याच दिवशी सहा दहाला त्यांची ड्युटी लागली, नवा ड्रायव्हर, तीच गाडी. नानांनी पारोळ्याहून आनंदाने फोन केला, भाऊ, आपली गाडी सुरू झाली, आज मीच डबल दिली. आबांनी फोन ठेवला तो ठेवलाच. आपल्या गाडीला दुसऱ्याच्या हाताखाली डबल दिली! आता त्या माणसाने काय नोकरी सोडून द्यायची होती? पण राग तो राग. नाना दिवाळीला फराळ घेऊन दारात आले तर आबा भरदुपारी डोक्यावरून चादर घेऊन झोपले. नाना फराळ ओट्यावर ठेवून गेले. तेही सोनगीरच्या किल्ल्याच्याच दगडाचे. परत आले नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी पहिला कोड आला.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?” मोहिनीने विचारलं.

आबा भिंतीशीच बोलले. नाव त्यांनी रागाने फोनमधून काढून टाकलं होतं, पण नंबर तोंडपाठ होता, तो कुठून काढणार. दर रविवारी कोड यायचा आणि ते वापरायचे. एकदासुद्धा पोचला म्हणून सांगितलं नाही. पाच वर्षं. आधी रागाने, मग लाजेने, मग आता कसं सांगू म्हणून. असं म्हणताना आबांची मान खाली गेली आणि मोहिनीला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं.

तिने नंबर लावला. पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. तिने सांगितलं, नाना, मी मोहिनी. मागे गाड्यांची घरघर होती, कोणीतरी लाउडस्पीकरवर साक्री-नंदुरबार पुकारत होतं. नाना आधी तिची खुशाली विचारत बसले, मुलंबाळं, सासर, जळगावची थंडी. मग म्हणाले की कोड त्यांच्याकडे आहे, गुरुवारपासून आहे. आधी साप्ताहिक सुटीत आणि मग रिटायर झाल्यावर नातवाच्या मोबाइलवर तेही त्या ग्रुपमध्ये बसून होते, दर रविवारी पहाटे पाच पंचावन्नला, आपल्या ड्रायव्हरला पहिल्या पाचशेत बसवायला. स्वतः कधी खेळले नाहीत. त्यांना मेलं ते स्टेअरिंग काय करायचं होतं.

“मग आज पाठवला का नाही, नाना?” तिने विचारलं.

“पाठाडता तर तो एकलाच चालना जाता,” ते म्हणाले. “ती गाडी मनी बी शे ना, माय.”

आबांनी एकट्याने नेण्यासारखी ती गाडी नव्हतीच. मोहिनीने विचारलं, तुम्ही आहात कुठे? आणि तिला उत्तर आधीच कळलं. नाना धुळ्याच्या स्टॅण्डवर होते. सहा वाजल्यापासून जळगावच्या फलाटासमोरच्या बाकावर बसले होते. देवपूर तिथून दहा मिनिटांवर. पण न बोलावता ते एकदा येऊन गेले होते, आणि चादरीकडे बघून परत गेले होते. पुन्हा तसं जमणार नव्हतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण तिला ऐकू आलं.

तिने फोन आबांपुढे धरला. साडेनऊ झाले होते. आबा फोनकडे बघत राहिले. कुंदाबाई हाताची कणीक न धुताच दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षांनी माणूस काय बोलणार, कुठून सुरू करणार? माफी मागणं आबांना येत नव्हतं, ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी फोन घेतला, कानाला लावला, दोनदा घसा खाकरला.

“कौतिक,” ते म्हणाले. “टाइम हुई ग्या. गाडी उभी शे.”

एवढंच. पलीकडून नुसता बाक सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पावणेदहाला रिक्षा दारात थांबली. कौतिक नाना वाळले होते, केस पांढरे झाले होते, पण खांद्याला ती चामड्याची जुनी बॅग होती. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही, आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नाना सरळ येऊन आबांच्या मागे, डाव्या अंगाला, सतरंजीवर बसले. चौदा वर्षं बसायचे तिथेच. मग बॅगेतून एक जुनं तिकीट काढलं आणि पुढे केलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने कोड लिहिला होता.

आबांनी चष्मा लावला. एकेक अक्षर टाकायला त्यांनी कमीत कमी पाच मिनिटं घेतली असतील. तरी मोहिनीने हात पुढे केला नाही. त्यांनी डायरी उघडली, तारीख लिहिली, कोड लिहिला, आणि मग ‘रिडीम’ दाबलं. कुलूप गळून पडलं. पडद्यावर धुळ्याचं स्टॅण्ड आलं, लाल गाडी आली, पाटीवर जळगाव.

आबांनी आरसा नीट केला. इंजिन चालू केलं. थांबले.

मागे नाना पडद्यावरचे प्रवासी मोजत होते, खरोखर बोट दाखवून मोजत होते. मोहिनी घड्याळ बघत होती. दहा वाजायला दोन मिनिटं. मग नानांनी बॅगेतून तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी पंच काढला आणि शेजारच्या स्टीलच्या तांब्यावर वाजवला. टिंग टिंग.

आबांच्या पाठीकडून मोहिनीला फक्त त्यांचे कान दिसत होते. ते लाल झाले होते. गाडी हलली.

फागणे गेलं, मुकटी गेलं. आबा पंचेचाळीसच्या वर जाईनात. मोहिनीने एकदा भीतभीत सुचवलं की बाराला सगळं बंद होणार आहे, जरा साठने घ्या. दोन्ही म्हातारे एकदम तिच्याकडे वळले आणि त्यांनी असं काही पाहिलं की ती गप्प बसली. पारोळ्याला नाना ओरडले, पारोळावाले उतरा, पारोळा. तिथे आबा वेळापत्रकाप्रमाणे पाच मिनिटं थांबले आणि कुंदाबाईने खरा चहा आणून दिला. एकच कप आणला होता. नानांनी अर्धा बशीत ओतून आबांपुढे सरकवला, आणि मग दोघंही बोलू लागले, पण गेल्या पाच वर्षांतलं काहीच नाही. एरंडोलच्या चढावर एकदा रेडिएटर फुटला होता ते. पाळधीची एक म्हातारी रोज कोंबडी घेऊन चढायची आणि कोंबडीचं तिकीट काढत नसे ते. मोहिनी इंजिनाच्या झाकणावर झोपून जायची आणि नाना तिच्यावर आपला कोट टाकायचे ते. मोहिनीने तोंड वळवून डोळे पुसले. तिला त्या कोटाचा वास अजून आठवत होता.

एरंडोल सुटलं तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. पाळधी सुटली तेव्हा बाराला सात-आठच मिनिटं कमी. आता तिला हिशेब दिसत होता, गाडी पोचणार नव्हती. दोनच मिनिटं उरली तेव्हा बांभोरी आली, पुढे गिरणेचा पूल दिसायला लागला, पलीकडे जळगावची घरं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडे उलटे पळू लागले होते. आबांनी ते पाहिले असावेत, पण त्यांचा पाय जिथे होता तिथेच राहिला. त्यांचं वळण, त्यांचा वेग, सगळं रोजचंच. मोहिनीला वाटलं, आता पुलाच्या मध्यावर गाडी जाईल आणि तिथेच पडदा काळा होईल. धावती गाडी, आतली माणसं, सगळं नाहीसं. तिला ते बघवणार नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टिंग.

एकदाच. आबांनी प्रश्न केला नाही. चौदा वर्षांत कधी केला नव्हता. त्यांनी डावा दिवा दाखवला, गाडी पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, दारं उघडली. नानांनी माणसं उतरवून घेतली, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. आबांनी इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पडदा काळा झाला.

बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. आबांनी रुमाल काढून तोंडावरून फिरवला आणि मग मागे वळले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कौतिक नानांकडे सरळ पाहिलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हललेही, पण नानांनीच हात वर करून राहू दे म्हटलं.

“आठेक किलोमीटर ऱ्हाई गयात,” नाना म्हणाले.

आबांनी मोहिनीकडे पाहिलं. तिची परतीची गाडी किती वाजता, हे त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, दोनची आहे.

“मग तीन तिकिटं काढ,” आबा म्हणाले, “आणि एक सीट दोरीजवळची बघ.” आणि बट्ट्या वाढायला सांगत ते हात धुवायला उठले.